पाहून मगच ‘बंद’

मथुराबाईंची नजर काचबिंदूने गेली, तेव्हापासून पुण्याच्या मुलाने, कमलेशने, एकच धोशा लावला होता: घर बंद करा, इकडे या. मथुराबाईंना ते साफ नामंजूर. पोलाद कारखान्याच्या कॅम्प-१ वस्तीतलं हे घर त्यांच्या पायांना पाठ होतं. पुण्यात काय, खुर्चीत बसवून ठेवलेली पाहुणी! "आपल्या हातचा चहा सुटला तं मी मेलीच समजा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा म्हणजे मारोतराव, रोलिंग मिलच्या इलेक्ट्रिकल खात्यात उभा जन्म घालवलेला हट्टी माणूस. रिटायर झाल्यावर लोक देवळाची वाट धरतात, यांनी सुपेल्याच्या बाजाराची धरली आणि एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. त्याला रिलेची पट्टी जोडली, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने चालू-बंद होणारे स्विच. तिथून तारा पंख्याला, पाण्याच्या मोटरला आणि चहाच्या कॉइलवाल्या हीटरला. बाजारात बोलणारी तयार यंत्रं मिळतात, पण मथुराबाईंची बोली त्यांना कुठून कळणार? मग व्हिडिओ पाहत, चुकत, स्वतःलाच शिव्या घालत मारोतरावांनी प्रोग्राम लिहिला. ओट्यावर मोठी बटणं बसवली, पंख्याचं गोल, मोटरचं चौकोनी, हीटरचं खरखरीत. दाबलं की मारोतरावांच्याच आवाजात उत्तर यायचं, "मथुरा, हीटर बंद."

"सारा जन्म माह्यासंग एवढं बोलले नाही तुमी," मथुराबाई हसायच्या.

एक दिवस कॉम्प्युटर ‘हीटर बंद’ म्हणाला, मथुराबाईंनी पुसायला फडकं घातलं, आणि बोटं भाजली. रिले चिकटला होता. हीटर लालबुंदच होता.

कमलेश मिळेल त्या गाडीने आला आणि आईचं पुण्याचं तिकीट काढूनच बसला. मारोतरावांना मात्र वेगळीच लाज खात होती. मिलमध्ये रीत होती: हुकूम आला की तो परत बोलून दाखवायचा, पण ‘झालं’ म्हणायचं ते डोळ्यांनी पाहूनच. हे त्यांनी किती नव्या पोरांच्या डोक्यात घातलं असेल! आणि स्वतःचा प्रोग्राम? हुकूम सोडायचा आणि लगेच ‘बंद’ म्हणून मोकळा! ते तारा सोडायला बसले.

"कावून काढून राहिले?" पट्टी बांधलेल्या हाताने चाचपडत मथुराबाईंनी त्यांचा खांदा धरला. "मिलमधी एक मोटर अडकली तं मिल सोडून घरी येत होते का तुमी?"

मारोतरावांनी तारा सोडल्या नाहीत. रिलेच्या जागी दणकट कॉन्टॅक्टर आणला, म्हणजे जड करंट झेपणारा मोठा स्विच. हीटरच्या तारेवर करंट ओळखणारा सेन्सर चढवला. आता कॉम्प्युटर हुकूम द्यायचा, तारेतला करंट खरंच थांबला का बघायचा, आणि मगच बोलायचा. आणखी एक वाक्य त्यांनी रेकॉर्ड केलं. त्यात आवाज जरा कापला, पण तेच ठेवलं.

जायच्या आदल्या दिवशी मारोतराव भाजी घेऊन परतले, तर घरातला पंखा बंद, कॉम्प्युटर बंद. ते तसेच आत धावले. आत कमलेश खाली मान घालून बसला होता.

"बाबा, मैंने ही किया," तो म्हणाला. "मले पाहाचं होतं. कॉन्टॅक्टर वगळून हीटरची तार डायरेक्ट जोडली, म्हंजे बटन दाबलं तरी हीटर बंद होनार नाही. आईचा हात धराले बाजूलेच उभा होतो."

"मग?"

"आईने बटन दाबलं. तुमचा आवाज आला, ‘मथुरा, बंद नाही झाला. हात नको लावू. मेन स्विच पाड.’ आई भिंतीभिंतीने गेली, मेन पाडला. माह्यी गरजच नाही पडली." त्याने खिशातून मोबाईल काढला. "तिचं तिकीट कॅन्सल केलं मी."

 मारोतरावांनी पिशवी खाली ठेवली.

"कोन, तुमी आले का?" आतून मथुराबाईंनी विचारलं. "हा म्हने तुमी बजारात होते. मले तं वाटलं, घरातच हाय."