दोनदा वाटलेले पेढे

मी आयुष्यात पेढे दोनदाच वाटले. मुलगी झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे जिलेबी वाटली होती, लग्नात लाडू होते. पेढे मात्र दोनदाच, आणि दोन्ही वेळा एकाच कर्जाचे. असा मान सबंध जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सेल्समन आहे. गिऱ्हाईक नुसता मिक्सर बघायला येतं आणि फ्रीजच्या हप्त्यांचा फॉर्म भरून जातं, ही माझी करामत. बोलण्यात मला कुणी हरवत नाही. पण हीच जीभ मी स्वतःवर चालवली आणि घोटाळा झाला. एक क्रेडिट कार्ड घेतलं, मग दुसरं, मग तिसरं तर न मागता दारात आलं. भिंतभर टीव्ही आणला, एसी आणला, बायको नको नको म्हणत असताना ओव्हन आणला. महिन्याला 'किमान रक्कम' तेवढी भरायची आणि राजासारखं फिरायचं. पुढे ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर सुरू झालं, एका कार्डातून काढून दुसऱ्याचं भरायचं. मग डोकी वाढली आणि टोप्या पुरेनात.

बँकेचा वसुलीवाला दुकानात यायला लागला. लुकडा पोरगा, चौकड्याचा शर्ट, खांद्याला बॅग. एकदा मी भर गिऱ्हाइकांत त्याची कॉलर धरली. मालकाने सोडवलं म्हणून तो वाचला आणि माझी नोकरीही.

दोन लहान कार्डं मी ओढूनताणून पूर्ण फेडली. मोठं राहिलं. अन् एक दिवस बँकेचाच फोन आला, एवढी रक्कम एकदम भरा, बाकीची आम्ही सोडतो, सेटलमेंट करून टाकू. बायको शिवणकाम करते, तिची भिशी त्याच महिन्यात लागली होती. तिने ते सगळे पैसे माझ्या हातात ठेवले. मी भरले आणि इतका खूश झालो की विचारू नका! बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, दुकानात वाटले, मालकाला दोन दिले. रविवारी साताऱ्याची एसटी धरली, स्टँडसमोरून कंदी पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि गावी आबांपुढे जाऊन ठेवला.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त, गावी थोडी जमीन आणि एक म्हैस. त्यांनी उधारीवर कधी काडेपेटी आणली नाही. पेढा उचलून त्यांनी विचारलं, "समदं फेडलंस?"

"सगळं मिटलं, आबा! निम्म्याच्या वर बँकेनं सोडलं!" बँकेला कुस्तीत आसमान दाखवून आल्यासारखं मी सांगितलं.

"मग ऱ्हायलेलं कुणी दिलं?"

"कुणीच नाही. सोडलं म्हटलं ना."

आबांनी हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला, झाकण लावलं आणि म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले. माझं टाळकंच सटकलं. पोराच्या सुखात दोन मिनिटं बसायला काय होतं ह्या माणसाला? हे मी आईला गोठ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं आणि न जेवता निघून आलो. पुढे किती तरी दिवस आबांशी फोनवर पिकापाण्यापलीकडे बोललो नाही.

माझ्या मुलीला फिजिओथेरपिस्ट व्हायचं होतं. मिरजेच्या एका हॉस्पिटलात मामाला भेटायला गेलो असताना तिने एका बाईला लकवा झालेल्या आजोबांना चालवताना पाहिलं, आणि घरी आल्यापासून माझ्या खांद्यांवर तिचे व्यायाम सुरू झाले. ती अकरावीला गेली आणि मी लगेच शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला बँकेत धावलो. बायको म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अजून दोन वर्षं आहेत."

"विचारायला काय पैसे पडतात?" मी म्हणालो. माझ्या उतावळेपणाने आमच्या घराचं जन्मात एकदाच भलं केलं, ते त्या दिवशी.

मॅनेजर बाई होत्या. त्यांनी माझा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मोठ्या कार्डापुढे लिहिलं होतं, सेटल्ड. मी छाती काढून म्हणालो, "हो, सेटल केलंय ना मी!"

"तिथेच तर अडतंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "सेटल्ड म्हणजे ह्या माणसाने पूर्ण फेडलं नाही, बँकेने नाइलाजाने सोडलं. मुलीच्या कर्जाला सहकर्जदार म्हणून तुम्ही लागणार. हे असं असताना वर फाईल पाठवली तर परत येईल."

बायकोच्या शिवणकामाला पगाराची पावती नसते, म्हणजे माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मुलीची ॲडमिशन माझ्या एका शब्दावर अडकली होती, आणि त्या शब्दाचे मी पेढे वाटले होते. आबांनी विचारलेलंच बँकेचा कॉम्प्युटर विचारत होता.

"उपाय आहे," बाई म्हणाल्या. "सोडलेली रक्कम भरा. 'क्लोज्ड' करून आणा. मग एखादी ठेव ठेवून तिच्यावर छोटं कार्ड घ्या आणि वेळेवर भरत राहा. तुमच्याकडे वेळ आहे."

वेळ आहे! एवढं ऐकलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. त्याच आठवड्यात टीव्ही विकला, एसी विकला, ओव्हन तर बायकोने हसत हसत दारापर्यंत पोचवला. टीव्ही निघाला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आपली भिंत केवढी मोठी आहे!" दिवाळीत मी असा काही विकत सुटलो की मालकाला वाटलं मी दुकानच विकतोय. दिवाळीचं कमिशन आलं आणि रक्कम जुळली.

आता पैसे नुसते भरायचे. पण घेणार कोण? मी कस्टमर केअरला फोन लावला.

"सर, आपल्या खात्यावर काहीही बाकी नाही."

"अहो, ते माहीत आहे. तरी मला भरायचेत."

"सर, बाकी नसताना भरता येत नाही. आणखी काही मदत करू शकते का?"

जेवायला बसलो की फोन, अंघोळीला गेलो की फोन, असा ज्या बँकेने माझा पिच्छा पुरवला, तिला मी आता रोज फोन करून पैसे घ्या म्हणत होतो आणि ती घेत नव्हती! एकदा तर मी ओरडलो, "मी बुडव्या आहे हो, बुडव्या! माझ्याकडून वसूल करा!" पलीकडच्या मुलीने फोन ठेवला.

मग मला तो वसुलीवाला आठवला. दुकानातला एक जण म्हणाला, तो आता गणपती पेठेत भडंगाचा गाडा लावतो. मी संध्याकाळी गेलो. गाड्यामागे तोच चौकड्याचा शर्ट. त्याने मला बघितलं, हातातली कागदाची पुडी टाकली आणि गाडा तसाच सोडून बोळात पळाला.

"अरे थांब!" मी मागे धावलो. "पैसे द्यायचेत! पैसे!"

भर पेठेत एक माणूस पळतोय आणि दुसरा पैसे घे म्हणून त्याच्यामागे धावतोय. लोक दुकानांतून बाहेर आले. बोळ पुढे बंद होता. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी कॉलर झाकून म्हणाला, "साहेब, म्या सोडली ती नोकरी! कवाच सोडली, आईशप्पथ!"

धापा टाकत मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सोडल्यालं पैसं भरायचं? तुमाला येड लागलंय व्हय?"

"पोरीच्या ॲडमिशनसाठी लागलंय. आणि त्या दिवशी कॉलर धरली, ते चुकलंच माझं. माफ कर."

त्याने हात खाली घेतले. म्हणाला, "फोनवर न्हाई व्हायचं ते. कोल्हापूरला वसुलीचं हापिस हाय, थेट तिथं जावा. सेटलमेंटचं पत्र संगं न्या." मग गाड्यावर आणून त्याने भडंग दिलं आणि पैसे घेईना. मी म्हटलं, "उधारी बंद केलीय मी." तेव्हा कुठे हसून घेतले.

कोल्हापूरच्या त्या ऑफिसात मी काय करायला आलोय हे साहेबाला समजायला बराच वेळ लागला. समजल्यावर त्याने शेजारच्या टेबलांवरच्या दोघांना बोलावलं, "हे बघा, हे सोडलेलं भरायला आलेत." मला खुर्ची मिळाली. चहा मिळाला. वसुलीच्या ऑफिसात चहा पिणारा बहुधा मी पहिलाच! पैसे भरले, येणे बाकी नसल्याचं पत्र घेतलं, रिपोर्ट बदलायचा अर्ज दिला आणि परत येताना एसटीत कंडक्टरला उगाचच नमस्कार केला.

रिपोर्ट बदलायला वेळ लागतो. मी रोज मोबाइलवर बघायचो. बायको म्हणायची, "शेंगा लावून रोज उकरून बघितलं तर उगवतील का?" एका सकाळी दुकानात एका बाईंना मिक्सर दाखवताना सहज बघितलं, तर क्लोज्ड! मी इतक्या मोठ्याने ओरडलो की बाईंना वाटलं मिक्सरला करंट आहे. त्या न घेताच गेल्या. जाऊ देत.

त्या दिवशी पेढे घ्यायला पाय शिवशिवत होते. पण नाही घेतले. ठेवीवरच्या छोट्या कार्डावर फक्त पेट्रोल भरायचो आणि बिल यायच्या आत पैसे टाकून मोकळा व्हायचो. रिपोर्टवरचा माझा स्कोअर मुंगीच्या चालीने चढत राहिला. मुलीची बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, मिरजेच्या कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. मग मी पुन्हा त्याच मॅनेजरबाईंपुढे जाऊन बसलो. ह्या वेळी शेजारी मुलगी होती. बाईंनी स्क्रीन वळवली नाही, कागद वळवला. "इथे तिची सही. आणि इथे सहकर्जदाराची, म्हणजे तुमची."

मी पेन टेकवलं आणि तिथेच थांबलो. मुलीने हळूच माझं मनगट धरलं.

कर्ज मंजूर झालं, तेव्हा कुठे मी जुनं कर्ज फिटल्याचे पेढे पुन्हा सगळ्यांना वाटले आणि मुलीला घेऊन साताऱ्याची एसटी धरली. स्टँडसमोर तेच दुकान, तसाच बॉक्स. एवढा आनंद झालेला असूनही गावचा रस्ता सुरू झाला तसा मी बॉक्सची दोरी पुन्हा पुन्हा घट्ट करायला लागलो. आबांनी पुन्हा झाकण लावलं तर?

आबा पडवीत बसले होते. मी बॉक्स उघडून पुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही. नातीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हायलेलं कुणी दिलं?"

"मी दिलं, आबा. सगळं."

आबांनी पेढा उचलला आणि सबंध तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. मग हात परत बॉक्समध्ये घातला आणि दुसरा उचलला. आई आतून धावत आली, "आवं, साखर हाय न्हवं तुमाला! एक बास की!"

"गप गं," आबा म्हणाले. "ह्यो त्या दिवसाचा हाय. ऱ्हायला हुता."