गुळवेलीचा काढा

माझ्या लिव्हरचा तुकडा नवऱ्याच्या पोटात बसवला, त्याला वर्ष होत आलं होतं. समुद्रपूरहून मामेसासरे आमच्या पिपरी मेघेच्या घरी आले, ते गुळवेलीचा काढा घेऊनच. शेताच्या धुऱ्यावरच्या कडुलिंबावर चढलेली वेल, स्वतः तोडलेली, स्वतः उकळलेली. करोनापासून आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण गुळवेलच आणतो, बाई!

"पी भाचा, ताकद येते. अन् ते गोळी सोड. तिच्यानंच बीपी वाढून राह्यला तुहा."

आता काय बोलावं! त्यांचं अर्धं खरंच होतं. बीपी गोळीनंच चढला होता. नागपूरच्या डॉक्टरांना मी खोदून खोदून विचारलं होतं, सोडते की काय! ती गोळी शरीराची लढायची ताकद मुद्दाम दाबून ठेवते, नाहीतर शरीर माझ्या लिव्हरला परकं समजून त्याच्यावर तुटून पडेल. पण तीच गोळी रक्तवाहिन्यांनाही छळते. त्यांच्या आतल्या अस्तरातून 'सैल हो' असा निरोप जात असतो, तो मंदावतो आणि 'आवळ' हा निरोप जोर धरतो. वाहिन्या आवळल्या की बीपी चढणारच. त्याला दुसरी गोळी आहे, जेवणात मीठ कमी आहे. पहिली मात्र सोडायची नाही म्हणजे नाही. आणि ताकद वाढवणारा काढा तर थेट लिव्हरच्या मुळावरच यायचा.

हे सगळं मला तोंडपाठ. पण मी बोलायच्या आत मामेसासऱ्यांनी काढा कपात ओतलासुद्धा. वडील गेल्यावर यांना मामांनीच वाढवलं. मामापुढे यांनी कधी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. यांनी कप उचलला. माझा जीव टांगणीला लागला. ऑपरेशनच्या दिवशीही मी इतकी घाबरले नव्हते.

यांनी कप खाली ठेवला. "मामा, हे मी नाई पिणार. अन् गोळीही नाई सोडणार."

"काऊन रे?"

"माह्या शरीराले हिचं लिव्हर अजून परकं वाटते, मामा. मले नाई वाटत."

मामेसासऱ्यांनी कप बाजूला सरकवला. मला तर वाटलं, गल्लीत जाऊन ओरडून सांगावं, ऐकलं का, काय बोलले आमचे हे!