अकरा वाजून सतरा मिनिटांची नोंद

भीमराज भिंगारदिवे नेवाशाजवळच्या एका साखर कारखान्यात टंकलेखक म्हणून लागला. चौऱ्याण्णव साली तिथं संगणक आला तेव्हा त्याच्यासमोर बसायला कुणी तयार होईना, म्हणून तो बसला. पुण्याला जाऊन सहा आठवडे शिकून आला. चाळिशीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. पण त्या यंत्राशी त्याचं जमलं.

काम तसं साधं होतं. बॉयलरच्या पॅनेलवर जे जे घडेल, म्हणजे वाफेचा दाब, पाण्याची पातळी, कोणतं बटन कधी दाबलं, ते सेकंदासेकंदाला फायलीत लिहिलं जायचं. तासाला एक फाईल. ती टेलिफोनच्या खास लायनीवरून सावेडीच्या मुख्य कार्यालयात जायची. तीन कारखान्यांच्या नोंदी तिथं एकत्र ठेवत. लाईन बंद पडली की फायली इथल्याच डिस्कवर रांगेत थांबायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत घोडेगावजवळ रस्त्याच्या खोदाईत त्या लायनीची केबल तुटली. दुसऱ्याच दिवशी दुपारच्या आधी बॉयलरची नळी फुटली आणि अटेंडंट गहिनीनाथ गोपाळघरे वाफेनं भाजला. तो खर्ड्याचा. चौथ्या दिवशी इस्पितळातच वारला.

माती होते न होते तोच बोलणं सुरू झालं. गहिनीनाथ जागेवर नव्हता, चहाला गेला होता, पाणी उतरलेलं त्यानं पाहिलंच नाही. त्या वेळी आत दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे खोडून काढणारंही कुणी नव्हतं. भीमराज ऐकत राहिला. त्याचे वडील रखमाजी याच कारखान्यात गव्हाणीवर ऊस टाकायचे. ऊस आत ओढणाऱ्या साखळीत त्यांची दोन बोटं गेली तेव्हा रजिस्टरात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं, आणि म्हातारा मरेपर्यंत ते तसंच राहिलं.

लाईन तुटल्यापासून आठव्या दिवशी डिस्क भरत आली. सावेडीहून संगणक अधिकारी काकासाहेब लगड यांचा फोन आला. सगळ्यात जुन्या फायली काढून टाका, डिस्क भरली तर आजचीही नोंद व्हायची नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. पण सगळ्यात जुन्या फायलींत अपघाताचा दिवस होता.

"पुसत नाही साहेब," भीमराज म्हणाला. "दाबून लहान करता येतात. एक दिवस द्या."

लगड म्हणाले, "संध्याकाळपर्यंत. आणि आत्ता लिहिली जातेय त्या फायलीला हात लावू नका."

फाईल दाबण्याचा आदेश भीमराज शिकला होता, पण वापरला कधी नव्हता. तेच तेच शब्द हजारदा आलेले असतात. त्यांच्या जागी छोट्या खुणा ठेवल्या की फाईल दहाव्या हिश्शावर येते, अक्षरही न गमावता. त्यानं आधी सगळ्यात मोठी फाईल घेतली. जागा नाही, असं म्हणून यंत्र थांबलं. मोठी फाईल लहान करायची तरी लहान झालेली ठेवायला जागा लागतेच, आणि उरली होती नखाएवढी. मग तो सगळ्यात लहान फायलीपासून निघाला. एक दाबायची, उघडून मुळाशी ताडून पाहायची, मगच मूळ पुसायची. तेवढी जागा सुटली की तिच्याहून थोरली. जेवणाचा डबा त्यानं उघडलाच नाही.

सगळ्यात मोठी फाईल शेवटी राहिली. ती अपघाताच्या तासाची होती. धोक्याच्या इशाऱ्यांनी फुगलेली. दाबली, उघडली आणि ताडून पाहता पाहता त्याची नजर थांबली. अकरा सतरा: भट्टीत जळणासाठी जाणारा उसाचा चोथा थांबवण्याचं बटन दाबलं. अकरा अठरा: बटन दाबलं. अकरा एकोणीस: बटन दाबलं. प्रत्येक ओळीखाली, चोथा चालू.

भीमराज खुर्चीला टेकला. त्यानं ती फाईल पुन्हा एकदा ताडून पाहिली.

दहाव्या दिवशी लाईन जोडली गेली. रांगेतल्या फायली क्रमानं सावेडीला पोचल्या आणि तिथं पुन्हा मोठ्या करण्यात आल्या. भीमराजनं लगडांना फोन करून फक्त तारीख आणि तास सांगितला. लगडांनी त्या तासाची नोंद छापून तो कागद स्वतः अपघाताच्या चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवला. बटनाची तार आतून जळालेली निघाली. मार्चमध्ये निकाल आला: अटेंडंट जागेवर होता, त्याचा दोष नाही.

गहिनीनाथची बायको रंगुबाई एप्रिलमध्ये कारखान्यात आली. संगणकाच्या खोलीच्या दाराशी चपला काढून उभी राहिली. भीमराजनं तिला खुर्ची दिली.

"त्या कागदावर काय लिवलंय ते वाचून दावा भाऊ," ती म्हणाली.

त्यानं टेबलातली प्रत काढून तिन्ही ओळी सावकाश वाचल्या.

"म्हंजी पळाले न्हाईत."

"नाही वहिनी. शेवटपर्यंत तिथंच होते."

तिनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिसऱ्या डावाला बटन दाबल्याची ओळ कोणती, असं तिनं विचारलं. भीमराजनं पेन्सिलीनं त्या ओळीखाली रेघ मारून दिली. त्या रेघेवर मोड येणार नाही अशी तिनं कागदाची घडी बेतानं केली, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठली.