येतो म्हणून गेलेली माणसं

चष्मेवाल्यांबद्दल लिहावं एवढी माझी त्यांच्याशी ओळख होती का, याचीच मला शंका आहे. आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिच्या अलीकडे मी, पलीकडे ते, असा उभा जन्म गेला. पण त्यांना काय आवडायचं असं कुणी विचारलं, तर मला सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांचा नंबर मात्र त्यांना तोंडपाठ होता. मी बुजरा, आणि ते समोरच्याच्या डोळ्यांत बघण्यात गर्क. बोलणं बेताचंच व्हायचं.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. खिडकीशी काचा घासायचं चाक, दोरीवर ओळीने टांगलेल्या फ्रेमा. घर एका लाकडाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं. तो माल बघायला म्हणून निघाला आणि वाटेत तापाने गेला. त्याच्या मुलांकडून ते एका डॉक्टरीणबाईंनी घेतलं. त्यांनी चष्मेवाल्यांच्या वडिलांना विकलं, बहिणीकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. घराचा इतिहास एवढाच, असं मला वाटायचं.

एका दुपारी चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून मी त्यांच्याकडे बसलो होतो. माडीवर कुणी नव्हतं. तरी डोक्यावरच्या तुळईवर कुणीतरी बोटाच्या पेराने वाजवल्यासारखं वाटलं. ठक. जरा पुढे, ठक. लाकूड आतून पोकळ आहे का ते बघतात, तसा आवाज सरकत सरकत भिंतीपर्यंत गेला.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"लाकूडवाले आहेत," स्क्रू पिळता पिळता चष्मेवाले म्हणाले. "बसा हो शेजारी, ते खाली येत नाहीत. खाली डॉक्टरीणबाई असतात."

मी हसलो. तेवढ्यात आतला नळ सुटला. पाणी मध्येच अडत होतं, कुणी खालून हात चोळून चोळून धुवावेत तसं. मग नळ घट्ट बंद झाला.

"बघा, माणूस गेलं तरी सवय जात नाही. एवढे मालक या घराला, आणि झाडू मारायला मी एकटा!"

मी खुर्ची दाराकडे सरकवली. त्यांनी ते पाहिलं असावं.

"भिऊ नका. 'येतो' म्हणून निघालेली माणसं ही. लाकूडवाल्यांना दारात त्यांचा भाऊ 'ये' म्हणाला, डॉक्टरीणबाईंना माझी आई 'या' म्हणाली. आपण तोंडाला सवय म्हणून बोलतो हो. या घराला ते खरं वाटतं."

मग ते माझी काच पुसू लागले. स्वच्छ झाली तरी पुसतच राहिले.

"हीसुद्धा 'येते' म्हणूनच गेली."

ही म्हणजे वहिनी. त्या दवाखान्यातून परत आल्या नव्हत्या.

"मी आत तिचा चष्मा शोधत होतो. जगाला चष्मे दिले आणि घरातला सापडेना! गाडीत बसताना तिने हाक मारली, 'येते हो!' आणि मी आतून ओरडलो, 'थांब!'" त्यांनी फडकं खाली ठेवलं. "'ये' म्हणायचं राहिलं. ती थांबलीय, शेजारी. माझं ऐकणारी बाई होती ती."

लेक दर खेपेला म्हणायची, "बाबा, माझ्याकडे चला ना. इथे भुतासारखे एकटे काय राहता?" ते म्हणायचे, "एकटा कुठे गं?" आणि विषय बदलायचे. ही आली आणि दाराला कुलूप असलं तर, हा त्यांचा घोर. मग त्यांच्या छातीत दुखू लागलं, आणि एके दिवशी ते आपणहून तयार झाले.

"थांब म्हटलंय, तर आणायला मीच जायला हवं," ते मला म्हणाले. "उद्या दारात उभे राहाल? पोरगी सामानाच्या गडबडीत असेल. मी येतो म्हणालो, की तेवढं 'या' म्हणा."

एकच अक्षर, पण त्याने मला रात्रभर झोपू दिलं नाही. भिंत आमची एक. जे येईल, ते मलाही ऐकू येणार.

थंडी पडायच्या आत ते लेकीकडे वारल्याची बातमी आली. घर बंदच आहे. संध्याकाळी पलीकडे तुळई वाजते, नळ सुटतो. हल्ली आणखी एक आवाज वाढला आहे. चष्म्याची डबी मिटल्याचा, टप्. आणि जराशाने दुसरी डबी मिटल्याचा.

लेकीकडे जायच्या दिवशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दोन डब्या होत्या, एक त्यांची आणि एक वहिनींची. लेक गाडीत बसली होती. ते पायरीवर थांबले.

"किल्ली घेतलीत ना?" मी विचारलं.

"घेतली. तुमची दांडी पुन्हा सैल झालीय वाटतं. आलो की बघतो." त्यांनी उंबऱ्याकडे एकदा पाहिलं. "येतो आम्ही, शेजारी."

"या," मी म्हणालो.