परातीतला समुद्र

आज पांढऱ्या कपड्यांची यादी करून बादलीत नीळ टाकली, आणि त्या वासानं माझा हात तसाच थांबला.

मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राजवटीचे, शेवटचे दिवस होते. आम्ही नांदेडला राहायचो, मी चार वर्षांची. वडील कामाच्या शोधात मुंबईला गेले होते आणि मी दिवसभर आईला एकच विचारायची, "आण्णा कुठं हायत?"

एका दुपारी आईनं अंगणात पितळी परात मांडली. पाण्यात नीळ आणि मूठभर मीठ कालवलं.

"चाखून बघ. मुंबईचा समुद्र हाय ह्यो."

माझी निळी जीभ बघून ती खूप हसली. तळाशी तिनं खेळातल्या कवड्या टाकल्या. "ह्या समुद्रातल्याच. मोज." दहापर्यंतचे आकडे मी त्या पाण्यात शिकले. मग केळीच्या सोपटाची होडी आली. परातीच्या पलीकडच्या काठावर आईनं एक चिंचोका ठेवला.

"ते आण्णा. होडी तिथं पोचली की येतील बघ."

आईनं पाणी पाहिलं होतं ते फक्त गोदावरीचं, समुद्र कधीच नाही.

मी रोज फुंकर मारायची. होडी रोज पोचायची. आण्णा कधीच परतले नाहीत.

पुढं मी नोकरीच्या कामानं मुंबईला गेले. यादीतली सगळी कामं उरकून समुद्र पाहिला, आणि घरी येऊन आईला सांगितलं, "आई, समुद्राला पलीकडचा काठ दिसतच नाही गं."

डाळ निवडता निवडता तिचा हात थांबला.

"न्हाई? मग ते कुठं उभे राहिले असतील?"