पाण्यावरची नजर

नव्वदीतली गोष्ट. बारामतीजवळच्या आमच्या मळ्यात उसाला पाण्याची पाळी होती. कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी चारीच्या तोंडाशी उभा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. खांद्यावर फावडं, बोलताना नजर सतत पाण्यावर. माणसाच्या तोंडाकडं तो बघायचाच नाही.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच्यापुढं चहाचा कप धरला आणि तो हातातून गळाला. आबांचं तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. गड्यांनी कांदा फोडून नाकाला लावला. दहा मिनिटांत आबा नीट बोलू लागले.

"कांद्यानं उतरलं," गडी म्हणाले. आबांनी खुशाल तंबाखू मळायला घेतली.

पाटकरी पाण्याकडं बघतच बोलला, "चारीत पाला अडकला की पाणी थांबतं, सरकला की चालतं. तसं डोक्यात रक्ताची गुठळी अडकली हुती. माझ्या भावालाबी कांदाच लावला हुता. आठ दिवसांनी गेला."

"पाळी सोडून दवाखान्यात जाऊ?" आबा चिडले.

"पाळी मी राखतो. तुमी आत्ताच निघा."

बारामतीच्या डॉक्टरांनी कारणं सांगितली: भलताच चढलेला रक्तदाब आणि वर तंबाखू. चार दिवसांनी परतलो, तर शेवटच्या सरीपर्यंत ऊस भिजलेला.

पुढच्या पाळीला आबांनी त्याच हातानं काठोकाठ भरलेली कपबशी त्याच्यापुढं धरली. बशीत थेंबही सांडला नाही. पाटकऱ्यानं पाण्यावरची नजर काढली आणि चहा निवेपर्यंत तो आबांच्या हाताकडं बघत राहिला.