आईची साडेदहा तासांची अंगारकी

आमच्या घरात विमानप्रवासाबद्दल मला कुणी काही विचारत नाही. ही सोय मी स्वतःच करून ठेवली आहे.

तेव्हा मी न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून होतो. रोज परदेशी बंदरांची नावं टाइप करत असल्यामुळे जगाचा भूगोल मला तोंडपाठ आहे, अशी वाशीच्या आमच्या सोसायटीत समजूत होती. (ती मीच पसरवली होती.) बहिणीच्या बाळंतपणासाठी आई एकटीच न्यूयॉर्कला निघाली आणि नेमकी त्याच दिवशी अंगारकी! आई दिवसभर नुसत्या चहापाण्यावर राहायची आणि चंद्र बघूनच जेवायची.

"अरे, प्रवासात झेपेल का? की या वेळी सोडून देऊ?"

मी तिकीट हातात घेतलं. "सुटणार सकाळी सातला. पोचणार त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला. म्हणजे साडेदहा तास! चंद्रोदय नऊ वाजून दहाचा. तिथे जाऊन मोदक वळशील. बिनधास्त कर!"

"अहो, बारा-साडेबारा हजार किलोमीटर आहे ते," बायको म्हणाली. "वाटेत लंडनला थांबा आहे. आणि तिकडची घड्याळं मागे असतात."

"मागे असतील तर दुरुस्त करून घेतील! अमेरिका आहे ती!"

आईने अर्थातच मुलाचं ऐकलं.

संध्याकाळी सहाला फोन नाही. सातला नाही. आठला मी मनातल्या मनात विमान समुद्रात पाडलं. खरं सांगतो, पोटात गोळा आला होता. (टेन्शनपायी त्याच पोटात अकरा मोदक गेले, ते सोडा.) पहाटे साडेचारला बहिणीचा फोन आला.

"आई पोचली रे!"

"एवढं लेट?"

"लेट कुठे? अगदी वेळेवर."

"मग दे तिला!"

"जेवल्याशिवाय ती बोलणार नाही म्हणते. चंद्र उगवायला अजून तीन तास आहेत."

सकाळी साडेसातनंतर आई बोलली. आवाज खोल गेलेला.

"माझ्या घड्याळात नऊ वाजून दहा झाले. खिडकीतून बघते तर बाहेर लख्ख ऊन! सूर्य मावळायचं नावच घेईना. ती विमानातली पोरगी चौथ्यांदा ताट घेऊन आली. तिला म्हटलं, बाई, माझ्या मुलाने सांगितलंय, आता येईलच चंद्र."

मी बोटांवर तास मोजले. चोवीस तास उपाशी ठेवलं होतं मी तिला.

"परतीला किती तास लागतात रे?"

"आई, सोप्पं आहे! सुटायची वेळ पोचायच्या वेळेतून..."

"तू नको. सूनबाईला दे."

बायकोने फोन घेतला. "हो ना आई... मी सांगितलं होतं... अगदी खरं... लहानपणापासून असेच का?"

लग्नाला बारा वर्षं झाली होती. सासू-सुनेचं एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. विषय मी होतो!